दोरीवरची बाळोती

दोल चालायला लागला, बोलायला लागला, एवढंच काय, "शू आली" म्हणत स्वतःच परसात पळायला लागला, तरी त्याच्या घरच्या अंगणातली बाळोत्यांची दोरी काही मोकळी होईना. उलट ती दिवसेंदिवस जास्तच भरत चालली होती. कोरियातल्या कांगह्वा बेटावरच्या त्या गावात रस्त्यानं जाणारी बाई आधी दोरी बघते, मग घरातल्या माणसांची चौकशी करते. त्यामुळे इम्सूनला रोज कोणी ना कोणी टोकायचंच.

"अगं, पोराला पाजतेस तरी काय? आमचं वासरूसुद्धा एवढं मुतत नाही!"

इम्सून हसल्यासारखं करायची, ओलं बाळोतं झटकायची आणि दोरीवर सारखं करायची.

दोरीवरची निम्म्याहून जास्त बाळोती दोलची नव्हती. ती त्याच्या पणजीची होती. इम्सूनची ही आजेसासू एका हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पडली ती पडलीच. डावं अंग लुळं झालं आणि मागच्या खोलीत तिनं अंथरूण धरलं. जीभ मात्र शाबूत होती, आणि पूर्वी जे काम दोन हात करायचे तेही आता तीच करायची. गावाला एवढंच सांगितलेलं होतं, की म्हातारी थकली, आता बाहेर पडत नाही. झटका आला हे सासूबाईंनी कोणाला कळू दिलं नाही. झटका रक्तातून उतरतो अशी तिकडची समजूत, आणि घरात लग्नाची मुलगी. इम्सूनची नणंद छाओक पंचविशीच्या पुढे गेलेली. त्यातून एकदा घराण्यावर शिक्का बसला, की तिला कोण करून घेणार?

म्हणून दोल जन्मला त्याच आठवड्यात सासूबाईंनी कात्री घेतली आणि म्हातारीची लांबरुंद फडकी कापून बाळोत्यांच्या मापाची केली. "आता खुशाल पुढच्या अंगणात वाळत घाल," त्या इम्सूनला म्हणाल्या. "ऊन तिथंच आहे." तोवर ती फडकी घरामागे भिंतीच्या सावलीत वाळायची, कुबट राहायची आणि म्हातारीच्या पाठीला चट्टे उठायचे. तेव्हा युक्ती वाईट नव्हती. पाठ सुधारली. पण एका फडक्याच्या जागी तीन लागायला लागली, आणि धुणं तिप्पट झालं.

"माझं मुतणं पोराच्या नावावर खपवताय होय?" म्हातारी म्हणाली. "बरं आहे. मरायच्या आधी लहान झाले."

युक्तीत खोट एकच होती. दोल मोठा होत होता. त्याच्या वयाची गावातली पोरं मागून उघडी चड्डी घालून हिंडायची, बसली की काम झालं. दोलला तशी चड्डी शिवायची सासूबाईंची बंदी होती. तो आपला भर उन्हात लंगोट बांधून, बदकासारखा फेंगडा चालत फिरायचा. पोरानं शहाणं होऊ नये असं कोणत्या आईला वाटेल? पण इम्सूनच्या मनात कधी कधी तसंच येऊन जायचं, आणि मग तिला भीती वाटायची, की हे देवानं ऐकलं तर नसेल?

ती भाविक होती. पहाटे विहिरीचं पहिलं पाणी वाटीत भरून ती लोणच्याच्या रांजणांपाशी ठेवायची, आणि दोन्ही तळहात एकमेकांवर चोळत बाळं देणाऱ्या आजीदेवीला म्हणायची, "पोराला सांभाळ. घरातल्यांना सांभाळ." मग थोडं थांबून, जरा हळू आवाजात, "आणि मला एकदा आईकडे जाऊ दे."

तिचं माहेर खाडीपलीकडच्या ग्योदोंग बेटावर. किनाऱ्यावर उभं राहिलं तर डोंगर दिसायचा, इतकं जवळ. पण बोट भरतीवर चालते. एका दिवसात जाऊन येणं होत नाही, रात्र राहावं लागतं, आणि एक रात्र राहायचं म्हणजे दोन दिवसांचं धुणं मागे टाकायचं. लग्न झाल्यापासून ते जमलं नव्हतं. आता दहाव्या महिन्यात तिच्या आईची साठी होती. फळांच्या आणि तांदळाच्या वड्यांच्या राशी रचलेल्या चौरंगामागे आई बसणार, आणि पोटची मुलं वयाच्या क्रमानं पुढे येऊन तिला वाकून नमस्कार करणार. इम्सून थोरली. तिची जागा पहिली. ती नसली तर भावाला पहिलं वाकावं लागणार, आणि जमलेल्या चार बाया एकमेकींकडे बघणार.

तिनं सासूबाईंना दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं. "छाओकचं जमू दे. जमलं की जा. मी कशाला अडवू?"

म्हणजे सगळं येऊन ठेपलं होतं त्या दोरीवर. दोरीनं गुपित राखलं तर छाओकचं जमणार, छाओकचं जमलं तर इम्सूनला आई दिसणार.

ती जीव लावून धुवायची. घाण ओढ्याच्या अगदी खालच्या टोकाला, पुलाखाली झटकायची, कारण वरच्या अंगाला बाया भाज्या धुतात. मग कास्टिकचा काळपट साबण लावून भिजवणं. मग परसातल्या चुलीवर लोखंडी कढईत उकळी, आणि उकळताना दांडक्यानं सारखं वरखाली करणं, नाहीतर तळचं पिवळं पडतं. मग पुन्हा ओढा, धोपाटणं, आणि पाणी निवळ येईपर्यंत खळबळणं. म्हातारीच्या फडक्यांना शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर, म्हणजे वास मरतो. पिळायचं हलक्या हातानं. बाळोतं पिरगाळलं की बाळ झोपेत पिरगाळतं, असं सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. आणि ऊन उतरायच्या आत सगळं घरात. दव खाल्लेलं बाळोतं अंगाला लावायचं नाही. नवरा इंचनच्या बंदरात कामाला. सणाला यायचा, तेव्हा तिची भेगाळलेली बोटं बघून "मलम लाव" म्हणायचा, आणि जायचा.

गंमत म्हणजे ते कापड तिनंच विणलेलं होतं. लग्नाआधी ती आणि छाओक मागांच्या कारखान्यात शेजारी शेजारी उभ्या असायच्या, आणि तिथं बाळोत्यांचंच सुती कापड निघायचं. छाओकनंच तिला भावासाठी हेरली. तेव्हा ती "ए छाओक" म्हणायची. आता "वन्सं" म्हणावं लागायचं.

स्थळ आणलं शेजारच्या हाजोमवालीनं. हाजोमकडून लग्न होऊन आलेली, म्हणून सगळं गाव तिला हाजोमवाली म्हणायचं. पूल ओलांडून पलीकडे गिम्पोला मुलाचं घर होतं. मुलगा रेडिओ दुरुस्त करायचा. छाओकनं त्याला बाजारात एकदा पाहिलं होतं, आणि "कान मोठे आहेत" एवढंच सांगून ती लाल झाली होती. आता मुलाची आई घर बघायला येणार होती.

त्या दिवशी सासूबाईंनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं. दोलला एकावर एक दोन बाळोती बांधली. मग मागच्या खोलीत जाऊन म्हातारीच्या तोंडात तांदळाच्या चिकट गुळाची मोठी गोळी कोंबली. ती चिकटली की दात वेगळे होत नाहीत.

"आवाज काढायचा नाही हं, आई. तुम्ही लेकीकडे गेलाय."

"मग लेकीला शांगा," म्हातारी गोळी गालात सारत म्हणाली, "की माझी बशायची जागा गरम कर."

गिम्पोच्या बाई ठेंगण्या होत्या, शांत होत्या, आणि ओसरीवर बसल्या त्या जणू पुष्कळ दिवसांनी बसायला मिळाल्यासारख्या. सासूबाईंनी पिकलेली पर्सिमनं कापून पुढे ठेवली. छाओकची तारीफ झाली, हवेची झाली, पुलामुळे झालेल्या सोयीची झाली.

"आणि सासूबाई तुमच्या?" गिम्पोच्या बाईंनी विचारलं.

"लेकीकडे गेल्यात. चालत्या-फिरत्या आहेत हो, एका जागी बसवत नाही त्यांना."

हाजोमवालीनं पर्सिमनची फोड तोंडात टाकली आणि आढ्याकडे बघितलं.

इतक्यात दोल डुलत डुलत ओसरीपाशी आला. "आई, शू."

"अरे, मग कर की राजा तिथंच!" सासूबाई घाईनं म्हणाल्या. "लंगोट कशाला आहे?"

दोलनं तिच्याकडे असं बघितलं, की त्याच्या आजीला आज झालंय तरी काय. "इथं? शी!" आणि पाहुण्यांच्या देखत त्यानं गाठ सोडली, दोन्ही बाळोती पायातून काढून नीट बाजूला टाकली आणि उघडाच परसाकडे पळाला. जाता जाता म्हणाला, "मी काय बाळ आहे?"

गिम्पोच्या बाईंनी पोराकडे बघितलं. मग मान वळवून अंगणभर पसरलेल्या दोरीकडे बघितलं. दोरीच्या मधोमध टेकू दिलेला बांबू ओझ्यानं वाकला होता. झालं. जमलेलं मोडलं. ग्योदोंगचा डोंगर तिच्या डोळ्यांसमोर एकदम लांब गेला.

"ऊन उतरलं," सासूबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "दोलच्या आई, ती काढून घे."

इम्सून उठली तशा गिम्पोच्या बाईही उठल्या. "मी येते. बसून पाय आखडले." कोणी "नको नको" म्हणायच्या आत त्यांनी दोरीवरून दोनचार ओढलीसुद्धा. एक गालाला लावून बघितलं, ओलं आहे का ते. आणि बोलता बोलता हातानं घडी घालायला लागल्या.

इम्सूनचे हात थांबले.

बाळाच्या बाळोत्याची घडी दुहेरी असते, लांबट, साधी. या बाईंनी तिहेरी घातली, मधल्या भागावर दुसरं बाळोतं आडवं ठेवलं, आणि मागची कड बोटानं आत मुडपून दाबली. ती कड मुडपायची ती दिवसरात्र पाठीवर पडून असलेल्या माणसासाठी, शिवण कमरेला टोचू नये म्हणून. बाळ कुशीवर वळतं, उचललं जातं, त्याला ती कड लागत नाही. इम्सून स्वतः रोज तशाच घड्या घालायची. मागच्या खोलीत, दार लावून.

बाईंनी एक घडी केली, दुसरी केली, आणि मग स्वतःच्या हातांकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी पटकन तिसरं बाळोतं दुहेरी घातलं. वर बघितलं. दोघींची नजर भेटली, आणि दोघींनी एकाच वेळी खाली वळवली.

"छान उकळलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही धुता की तुमच्या नणंदबाई?"

"दोघी मिळून," ओसरीवरून सासूबाई ओरडल्या. "आमची छाओक तर धुण्यात पटाईत!"

छाओकनं आयुष्यात एक बाळोतं धुतलं नव्हतं. ती कारखान्यातून कमावून आणायची म्हणून घरचं काम तिला माफ होतं.

पाहुणे गेल्यावर इम्सून मागच्या खोलीत गेली. म्हातारी आढ्याकडे बघत पडली होती. "गोळी केव्हाच विरघळली," ती म्हणाली. "मी गप्प बसले ती माझ्या मर्जीनं, सांग तुझ्या सासूला. बाई कशी आहे?"

"चांगली आहे, आजी."

"मग तू अशी का दिसतेस?"

इम्सूननं म्हातारीला कुशीवर वळवलं, पाठ पुसली आणि ओलं बाजूला घेतलं.

तीन दिवसांनी हाजोमवाली निरोप घेऊन आली. पसंत आहे. लग्न मात्र थंडीच्या आत व्हायला हवं, त्यांना घाई आहे. सासूबाई देवापुढे, शेजारणीपुढे, रांजणांपुढे, ज्याच्या त्याच्यापुढे हात जोडत सुटल्या. इम्सूनला त्या घाईचं कारण कळत होतं. थंडीत ओढा गोठतो, बाळोती वाळत नाहीत, आणि एकट्या बाईचे हात पुरत नाहीत.

तिनं धीर करून तिसऱ्यांदा विचारलं. "सासूबाई, वन्संचं जमलं. आता दोन दिवस..."

"आता?" सासूबाईंनी गादीच्या कापडातून डोकं वर काढलं. "लग्न महिन्यावर आलं, रजया भरायच्यात, आणि तुला आता माहेर सुचतंय? लग्न होऊ दे. मग जा की. आई काय पळून चाललीय?"

साठी काही लग्नानंतर पुन्हा येणार नव्हती. इम्सून "बरं" म्हणाली. या घरात तिला दोन शब्द पाठ झाले होते, "बरं" आणि "येते". "येते" म्हणायचं म्हणजे हाक आली की जायचं. कुठून निघताना म्हणायची वेळ अजून आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आणि छाओक ओसरीवर बाळोती ताणत बसल्या. वाळत आलेल्या कापडाची दोन टोकं दोघींनी धरायची आणि मागे रेलून ओढायची, म्हणजे सुरकुत्या जातात. कारखाना छाओकनं आता लग्नासाठी सोडला होता.

"वन्सं, एक सांगायचंय."

"सांग. पण ओढ आधी, तुझ्याकडची कड वाकडी येतेय."

इम्सूननं ओढलं. आदल्या दिवसापासून ती मनाशी झगडत होती. सांगितलं तर छाओक नाही म्हणेल, लग्न मोडेल, सासूबाई जन्मभर तोंड बघणार नाहीत, आणि माहेर कायमचं तुटेल. नाही सांगितलं तर? पहाटे वाटीतल्या पाण्यासमोर उभं राहिल्यावर तिला शब्दच सुचले नव्हते. हात नुसते चोळत राहिली होती.

"त्या बाईंनी दोरीवरचं काढून घडी घातली ना," ती कापडाकडे बघत म्हणाली, "ती घडी बाळाची नव्हती. त्यांच्या घरात कोणीतरी पडून आहे, वन्सं. त्यांना सून नकोय. हात हवेत."

छाओकनं टोक सोडलं नाही. "माहीत आहे."

"तुम्ही घडी बघितलीत?"

"घडी कशाला बघायला हवी? मला कुठं कळतंय त्यातलं. मी तोंड बघितलं. दोल उघडा पळाला, तिनं दोरी बघितली, आणि वहिनी, तिला आनंद झाला. आपलं पितळ उघडं पडलं म्हणून कोणाला आनंद होतो? ज्याचं स्वतःचं झाकायचंय त्यालाच."

"आणि तरी हो म्हणालात?"

"नाही म्हणून काय करू? इथं राहिले तर उद्या तुझ्यासारखी मीही ओढ्यावर. आई किती दिवस मला वाचवील? दुसरं स्थळ येईल, तिथंही कोणीतरी पडलेलं असेलच, नाहीतर पडायचं असेल. इथं निदान कान मोठे आहेत." ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. "ओढ ना. का सोडलंस?"

इम्सूननं पुन्हा टोक धरलं. दोघी रेलून ओढत राहिल्या. दोघींच्या मध्ये ते कापड ताठ झालं, आणि कोणी सैल सोडलं असतं तर दोघीही मागे पडल्या असत्या.

"उकळायचं किती वेळ?" छाओकनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इम्सून चूल पेटवते आहे तोच छाओक आजीच्या फडक्यांचं घमेलं डोक्यावर घेऊन, भर रस्त्यानं, ओढ्याकडे चालती झाली. इम्सून दोलला पाठीवर बांधून मागे धावली. पोचली तोवर छाओक पुलाखाली उकिडवी बसून साबण चोळत होती, नको तितका, आणि नाक मुरडून मान वळवत होती. वरच्या दगडावर हाजोमवाली मुळे धूत बसली होती. थोड्याच वेळात सासूबाईही आल्या, हातात भाताचा डाव तसाच.

"छाओक! ऊठ तिथून! महिन्यावर लग्न, आणि हात कास्टिकमध्ये?"

"तिकडे हेच करायचंय. शिकू दे."

"कोण म्हणालं तुला?" सासूबाईंची नजर इम्सूनवर वळली.

"तिच्याकडे बघू नकोस. आई, तू ती घडी बघितली नाहीस?"

डावाला चिकटलेलं भाताचं शीत सासूबाईंनी बोटानं काढलं. "बघितली," त्या म्हणाल्या. "ही या घरात यायच्या आधी तशा घड्या मीच घालत होते. मला नाही ओळखू येणार?"

इम्सूनला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. सासूबाईंना ठाऊक होतं. पोटच्या पोरीला देताना ठाऊक होतं.

"आणि तरी दिलीस?" छाओकचा आवाज चिरकला.

"मग कुठं देऊ? म्हातारं माणूस नसलेलं घर कुठून आणू मी तुझ्यासाठी? माझ्यासाठी आणलं होतं कोणी?"

"अहो, भांडायचं तर जरा खाली सरका," वरून हाजोमवाली म्हणाली. "फेस माझ्या मुळ्यांकडे उडतोय. आणि एवढं काय त्यात! त्यांच्याकडे सासरा पडलाय, तुमच्याकडे सासू. मी मुद्दामच ही दोन घरं गाठली. म्हटलं, दोघांचंही एकमेकांत झाकून राहील."

"तुला माहीत होतं?" सासूबाईंनी वर बघितलं. "सासूबाईंचं?"

"चार हात अंतरावर राहते मी. पोर माझ्या दारात येऊन मुतून जातं, अगदी रीतसर. सगळ्या गावाला माहीत आहे. पण तुम्ही एवढ्या कष्टानं लपवत होतात, मग कोण कशाला बोलेल?"

सासूबाईंनी पुलाच्या खांबाला हात टेकला. किती हिवाळे, किती कापडं, कितीदा कात्री. इम्सूनच्या मनात आलं, की आता या रडतील. पण त्या रडल्या नाहीत. छाओक मात्र साबणाचे हात तसेच ठेवून म्हणाली, "दोन दिवस मी धुणार. वहिनी ग्योदोंगला जाईल. तिच्या आईची साठी उद्यावर आलीय. नाही म्हणालीस तर लग्नापर्यंत रोज मीच धुईन. मग लग्नात त्यांच्या बाया हात बघतील तेव्हा बघ."

सासूबाईंनी पोरीच्या हातांकडे बघितलं. नखांच्या कडा आत्ताच लाल झाल्या होत्या. त्यांनी डाव इम्सूनच्या हातात दिला, बाह्या वर खोचल्या आणि लेकीला कोपरानं ढकलून दगडावर बसल्या. "सरक. साबण असा फासतात होय? कापड कुजेल." धोपाटणं उचललं. पहिला घाव चुकला, दुसरा बसला.

"जा," त्या पाण्याकडे बघतच म्हणाल्या. "उद्याच्या भरतीनं परत ये. परवाच्या नाही."

"येते," इम्सून म्हणाली. म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं, की ती हे पहिल्यांदाच निघण्यासाठी म्हणते आहे. हसू यायला हवं होतं. आलं नाही. तिनं मागे वळून एकदा बघितलं. सासूबाईंचे गुडघे वाकत नव्हते. त्या एक पाय बाजूला पसरून, वाकड्या बसून धूत होत्या. त्या पायाकडे बघून कोणालाही वाटलं असतं, की हाच पाय एके दिवशी अंथरुणावर पसरेल. आणि तेव्हा या दगडावर कोण असेल, हेही इम्सूनला ठाऊक होतं.

बोटीत तिच्यापाशी दोल होता, तिळाच्या तेलाची एक बाटली होती, आणि बाळोतं एकही नव्हतं. दोलला तिनं उघडी चड्डी शिवून घातली होती. तो बोटीच्या लोकांना ती वळून वळून दाखवत होता.

साठीला ती वेळेवर पोचली. वड्यांच्या राशींमागे आई बसलेली, केसांना तेल लावलेलं, तोंडावर लाज आणि आनंद. इम्सून पहिली पुढे झाली. दोन्ही हात कपाळाशी नेले, सावकाश गुडघे टेकले, वाकली. वर बघितलं तर आई रडत होती. नंतर आईनं तिला जवळ ओढून हात हातात घेतले, भेगांवरून अंगठा फिरवला, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं केलं तुझ्या सासरच्यांनी! तीन वर्षं पोरीला सोडली नाही. माणसं आहेत की कोण?" बायांनी चुकचुक केली. इम्सूनला ते ऐकायला फार गोड वाटलं.

भाऊ वाकला, धाकटा वाकला, भाचे वाकले. इम्सूनच्या लक्षात आलं, की भावजय, पिल्यो, दिसली नाही. ती परसात गेली.

पिल्यो भांड्यांच्या ढिगासमोर उकिडवी बसली होती. पाठीला तान्हं बांधलेलं. शेजारी टोपलीत बाळोती भिजत पडलेली, आणि त्यांत दोन-तीन मोठी फडकी. इम्सूनचा मामा गेल्या वर्षापासून या घरात अंथरुणावर होता, हे तिला पत्रातून कळलं होतं. धुतं कोण, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

"तू नमस्काराला आली नाहीस?"

"कढण उतू जात होतं, वन्सं. मग हे निघालं." पिल्यो वाकलेलीच राहून हसली. "छान झालं का सगळं?"

"झालं." इम्सून तिच्याजवळ बसली. "तुझ्या आईची साठी कधी गं?"

"झाली की. गेल्या वसंतात."

"गेली होतीस?"

पिल्योनं एक वाडगा धुतला, पालथा घातला. "इथल्या आईंचा गुडघा तेव्हा दुखत होता," ती म्हणाली. "म्हणाल्या, पुढे कधी तरी जा."

आत ओसरीवर इम्सूनची आई कोणाला तरी सांगत होती, की आपली थोरली कशी पहिली वाकली. तिचं हसणं परसापर्यंत ऐकू येत होतं.

इम्सूननं पिल्योच्या पाठीवरच्या तान्ह्याची गाठ सोडली आणि ते आपल्या मांडीवर घेतलं. "ऊठ. आत जाऊन वाकून ये."

"अहो, आणि हे?"

"मी बघते."

पिल्यो उठली, ओले हात मागे पुसत, दाराशी दोनदा थबकत आत गेली. हसणं थांबलं. मग आईचा आवाज आला, जरा घाबरा, जरा नाराज.

"पिल्यो? तू इथं, मग तिकडचं कोण बघतंय?"

"मी बघतेय, आई," इम्सून परसातून म्हणाली, आणि एका हातानं तान्हं सावरत दुसऱ्या हातानं टोपलीतलं मोठं फडकं उचललं.